हात सैल सोडा

गुऱ्हाळाच्या वळणावर आले आणि माझ्या लक्षात आलं, चरकाचा आवाज येत नाहीये. हंगाम भरात असताना ती घरघर दिवसभर चालू असायची, घरात बसून भाकरी थापतानासुद्धा ऐकू यायची. वाटलं, लाईट गेली असेल. मग माणसांचे आवाज आले. माणसांचे कसले, एकाच माणसाचा. माझे सासरे हिंदुराव चौगले ओरडत होते.

"उलटा फिरवा! चाक धरून उलटा फिरवा म्हणतोय न्हवं! बघत काय उभारलाय?"

हातातला जेवणाचा डबा मी बांधावरच ठेवला आणि पळत सुटले.

छपराखाली पाच-सहा माणसं नुसती उभी होती. चुलवाणावरची रसाची काहील तशीच रटरटत होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. चरकाच्या तोंडाशी सासूबाई वाकून उभ्या होत्या. पहिल्यांदा वाटलं, त्या आत काहीतरी शोधतायत. मग त्यांचा उजवा हात दिसला. मनगटाच्या अलीकडं हात होता, पलीकडं ऊस पिळणाऱ्या लोखंडी लाटा होत्या. खाली उसाच्या रसात हिरव्या बांगड्यांच्या काचा पडल्या होत्या आणि रस गुलाबी झाला होता.

गूळ करणारा गुळव्या भैरू चरकाच्या चाकाला पाठ लावून उभा होता. त्यानंच बटण मारून मोटर बंद केली होती, पट्टाही उतरवून टाकला होता. सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, त्याला बाजूला ढकलत होते.

"सर बाजूला. मी फिरवतो."

"मामा, थांबा!" मी ओरडले. "उलटा फिरवला तर हात पुन्हा चेपत बाहेर येईल. जे वाचलंय तेही जाईल."

"तुला काय कळतंय मशिनातलं?"

"मशिनातलं नाही कळत. हातातलं कळतं."

माझ्या तोंडून हे कसं गेलं मला माहीत नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्याला जेमतेम पाच-सहा महिने झाले होते आणि तोवर मी सासऱ्यांसमोर 'हो' आणि 'जी' याच्यापलीकडं बोलले नव्हते. माझं माहेर मिरजेचं. फिजिओथेरपी शिकून तिथल्याच एका दवाखान्यात मी नोकरी केली होती. पन्हाळ्याच्या बाजूच्या या गावात माझं शिक्षण नक्की काय ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मामा पाहुण्यांना सांगायचे, "सून डॉक्टरीण हाय, हाडांची." सासूबाई, म्हणजे आक्काताई, त्यांना मी आत्ती म्हणायचे, त्या शेजारणींना सांगायच्या, "अंग चोळायचं शिकलीया बाई."

"मन्सूर मिस्त्रीला आणाय गाडी गेलीया," भैरू म्हणाला. "लाटा खोलल्याबिगर न्हाई जमायचं, वहिनी. उलटं फिरवायचं न्हाई, मी बी तेच सांगाय लागलोय मालकास्नी."

"आणि दवाखान्यात न्यायला?"

"पाटलांची जीप येतीया. कोल्हापूरला न्यायला."

माझे यजमान प्रताप गुळाचा ट्रक घेऊन कोल्हापूरलाच गेले होते. तिथल्या अडत्याकडं फोन करायला एकजण गावात पळाला होता. म्हणजे करण्यासारखं सगळं झालं होतं. आता मिस्त्री येईपर्यंत थांबायचं होतं, आणि थांबणं हेच अवघड होतं.

मी आत्तींच्या जवळ गेले तेव्हा ते कळलं. त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. दात असे घट्ट आवळलेले की कानशिलाजवळची शीर वर आली होती. सगळं अंग मागं खेचत होतं. त्यांना खेचायचं नव्हतं. अंगच खेचत होतं. दुखऱ्या जागेपासून शरीर आपोआप दूर पळतं, त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण इथं पळायला जागा नव्हती. प्रत्येक हिसक्यासरशी लाटेच्या कडेला मनगटाची कातडी थोडी थोडी फाटत होती. आणि श्वास तर धापा टाकल्यासारखा, वरच्या वर. त्यांचा दुसरा, डावा हात मी हातात घेतला. त्याची बोटं आत वळून चोचीसारखी झाली होती, ताठ.

"ह्यो बी हात गेला," आत्ती दातांतून म्हणाल्या. "अंगावरनं वारं गेलं बघ."

"काही वारं गेलं नाही. श्वास फार भरभर चाललाय ना, म्हणून बोटं अशी वळतात. श्वास हळू झाला की आपोआप सुटतील. बसा आधी. भैरूमामा, उसाच्या मोळ्या द्या इकडं."

मोळ्यांची बैठक केली, वर पोती टाकली. त्यांना हळूहळू टेकवलं, अडकलेल्या हाताच्या कोपराखाली पोत्यांची उशी दिली. दंडाचं ओझं निघालं. मी त्यांच्या मागं गुडघ्यांवर बसले, त्यांची पाठ माझ्या छातीवर घेतली आणि माझा हात त्यांच्या उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत ठेवला. चोळलं नाही, दाबलं नाही. नुसता ठेवला. हाताखालचं मांस वाळक्या लाकडासारखं होतं.

दवाखान्यात आम्ही पेशंटला म्हणायचो, खोल श्वास घ्या. आत्तींना ते सांगून उपयोग नव्हता. घेतलेलाच श्वास त्यांच्यात कोंडला होता.

"आत्ती, विस्तव विझत आला की फुंकणीनं कसं फुंकता? जोरात नाही. लांब, हळू, राख उडणार नाही असं. तसं फुंका माझ्यासाठी."

"काय चेष्टा लावलीस?"

"फुंका तर खरं."

त्यांनी फुंकलं. तुटक फुंकलं, पण फुंकलं. दुसऱ्यांदा थोडं लांब. मी त्यांच्या पाठीशी तसाच श्वास सोडत राहिले, म्हणजे त्यांना माझ्या छातीचं हलणं कळावं. बाहेर सोडलेला श्वास लांबला की आत येणारा आपसूक खोल येतो. थोड्या वेळानं डाव्या हाताची चोच हळूहळू उलगडली. त्यांनी ती बोटं डोळ्यांसमोर धरून हलवून बघितली आणि माझ्याकडं मान वळवायला लागल्या.

"वळू नका. आता पायाची बोटं घट्ट आवळा. चपलेत खडा आलाय असं समजा. आवळा... आणि सोडा."

दुखरा हात सैल सोडा असं सांगून कुणाचाच हात सैल होत नाही. त्याच्यापासून लांब सुरुवात करावी लागते. आधी पावलं, मग पोटऱ्या, मग मांड्या. एकेक जागा मुद्दाम आवळायची आणि सोडायची. सोडणं म्हणजे काय, ते शरीराला असं शिकवावं लागतं, कारण आपण कुठं आवळून धरलंय हेच पुष्कळदा माणसाला माहीत नसतं. आत्तींच्या पोटऱ्या सुटल्या. जबडा सुटला, दात एकमेकांपासून वेगळे झाले. माझ्या हाताखालचा खांदा अंगठ्याएवढा खाली आला असेल. हिसके थांबले.

"अजून का आला न्हाई त्यो मिस्त्री?" मामा छपराच्या दारातून गरजले. "पायी निघालाय काय? कुणीतरी बघून या की! सगळी मेल्यागत उभारलाय!"

माझ्या हाताखाली दंड ताडकन दगड झाला. आत्तींच्या तोंडून "आई गं" निसटलं. मनगटाजवळ नवं रक्त आलं.

कळ आली असेल, असं मला वाटलं. मी पुन्हा पावलांपासून सुरुवात केली. फुंका, आवळा, सोडा. पुन्हा खांदा खाली आला. आणि पुन्हा मामांचा आवाज. या वेळी ते आमच्याकडं बघतही नव्हते, बाहेर रस्त्यावर कुणालातरी विचारत होते, "जीप कुठवर आली?" साधा प्रश्न. पुन्हा तोच दगड, पुन्हा तोच हिसका.

तिसऱ्या वेळी मी लक्ष ठेवलं. मशीन हललं नव्हतं. कुणी स्पर्श केला नव्हता. आत्तींचे डोळे मिटलेले होते, फुंकर लांब चालली होती. मामांनी बाहेरून नुसतं "भैरू!" म्हटलं.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. त्या वेळी ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही रस्त्यावर जाऊन थांबा. मिस्त्रीची गाडी चुकायला नको."

"रस्त्यावर चौघं उभारल्यात. मी हितंच थांबनार."

"मग बाहेर चिंचेखाली बसा. इथं नको."

"का?" ते आत आले. उंचापुरा माणूस, डोक्याला पटका, खांदे दारात मावत नव्हते. गावच्या सभेत त्यांना कधी माईक लागला नाही, आणि गावाला त्याचं कौतुक होतं. "का नको? माझी बायको हाय ती. माझ्या बायकोपासनं मला उठवतीस?"

त्या एवढ्या वाक्यात दंड दोनदा उसळला. मला त्यांच्याकडं बघायचं धाडस नव्हतं. मी आत्तींच्या मनगटाकडं बघत बोलले.

"इथं शांतता लागणार आहे मामा. माझ्याखेरीज कुणी बोलायचं नाही."

"शांतता? तिचा हात मशिनात हाय आणि तू तिला फुंकाय लावतीस! हे शिकून आलीस मिरजेहून? आं? उद्या हिचं काय झालं तर..."

माणसं खाली बघायला लागली. भैरू पुढं सरकला आणि मामांच्या आणि चरकाच्या मध्ये येऊन उभा राहिला. आता जर यांनी भैरूला ढकलून चाकाला हात घातला तर मी काय करणार होते? बाईमाणूस, घरात नवी. अडवलं तरी मेले, नाही अडवलं तरी.

"जावा तुम्ही."

आवाज इतका बारीक होता की आधी वाटलं, बाहेरून कुणी बोललं. आत्तींनी डोळे उघडले नव्हते.

"काय म्हणालीस?" मामांनी विचारलं.

"भाईर जावा म्हटलं. तिला करू दे."

पलीकडं काहीलीतला रस रटरटत होता, तेवढाच आवाज. मामा उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तो राग अपेक्षित होता, म्हणून मी चुकून वर बघितलं होतं. थोबाडीत बसलेल्या माणसाला आधी लागल्याचं कळत नाही आणि मग कळतं, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होत होतं. ते वळले आणि बाहेर गेले.

मग मी पुन्हा आत्तींच्या पावलांपासून सुरुवात केली.

मन्सूर मिस्त्री आला तेव्हा त्या जवळजवळ माझ्या अंगावर रेलल्या होत्या. कळ गेली होती असं नाही. ती जाणारच नव्हती. पण कळेवर जो ताण चढला होता, तो उतरला होता, आणि नुसती कळ माणूस सोसू शकतो. मिस्त्रीनं खाली वाकून लाटांकडं बघितलं, बाजूचे नट चाचपले, आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"हे नट ढिले केले तरी वरली लाट आपसूक उचलायची न्हाई, वहिनी," तो हळू बोलला. "जीपचा जॅक लावून उचलतो. पण जॅक बसायला सपाट जागा न्हाई. तिरका बसणार. उचलली की तुम्ही हात काढायचा. त्यावेळी ह्यांनी हिसका दिला आणि जॅक सटकला तर..."

"तर लाट परत बसेल."

"उरलाय त्यो बी चिरडून जाईल. हात मेल्यागत सैल पायजे. तेवढं हुईल?"

मी "होईल" म्हणाले. मला खात्री नव्हती.

जीप आली, जॅक निघाला. नट ढिले करतानाच लोखंड किंचाळायला लागलं. प्रत्येक किंचाळीला आत्ती शहारत होत्या. मी त्यांच्या कानाशी बोलत राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. हात जड झालाय, ओल्या पोत्यासारखा जड झालाय, तो तुमचा नाहीच, तो माझ्या हातात दिलाय, मी धरलाय, तुम्ही धरायचा नाही. असलं काहीतरी. भैरू नवं धुतलेलं फडकं घेऊन तयार उभा होता. लाट सुटली की कोंडलेलं रक्त येणार, लगेच दाबून धरायचं, हे मी त्याला सांगून ठेवलं होतं.

"लावतो," मन्सूर म्हणाला.

जॅकचा दांडा फिरला. लाट हलली. त्या क्षणी छपराच्या दारात अंधार झाला. मामा येऊन उभे राहिले होते.

त्यांना तिथून सगळं दिसत होतं. बायकोचं मनगट, त्याच्यापुढं जे काही होतं ते, तिरका बसलेला जॅक. त्यांची छाती फुगली, तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघितलं. माझ्या नजरेत काय होतं कुणास ठाऊक. त्यांनी पटक्याचा सुटलेला शेव धरला आणि तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला. डोळे वटारलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज नाही.

"फुंका आत्ती. लांब. अजून लांब. सोडा. सगळं सोडा."

माझ्या हाताखाली तो दंड सैल होता. मऊ. झोपलेल्या लेकराचा हात उचलला तर कसा लागतो, तसा. लाट आणखी थोडी उचलली गेली आणि मी तो हात बाहेर घेतला. मन्सूर "निघाला!" म्हणून ओरडला, भैरूनं फडकं गुंडाळून आवळून धरलं, आणि मागं जॅक खाडकन सटकला. लाट जागेवर जाऊन आपटली. छपराचे पत्रे वाजले.

दोन बोटं गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बाकीचा पंजा वाचवला. कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा आत्तींनी सांगितलं, "बांगडी अडकली." गावातही तेच सांगितलं गेलं.

मामांच्याबद्दल मात्र लोक नवल करत होते. दवाखान्यात ते बाकावर बसून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. नर्सनं 'उठा' म्हटलं की उठायचे. गावात कुजबुज झाली ती वेगळीच. हिंदुरावाला सुनेनं गुऱ्हाळातनं भाईर काढलं, तोंडात पटका कोंबाय लावला. प्रतापनी सगळं ऐकून घेतलं आणि रात्री मला एवढंच म्हणाले, "आईला वाचवलंस. पण बाबांना चारचौघांत असं बोलायला नको होतं." मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर मला कळलेली गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगायचा अधिकार माझा नव्हता. ती आत्तींची होती.

टाके निघाले आणि मी घरी त्यांचे व्यायाम सुरू केले. दुपारी कामं आटपली की सोप्यात चटई टाकायची, हाताखाली उशी घ्यायची. मनगट आखडलं होतं, पण ते वळवण्याआधी मी नेहमी फुंकर आणि आवळा-सोडा करून घ्यायचे. हात सैल झाल्याशिवाय सांध्याला हात लावला तर नुसतं दुखणं वाढतं. आत्तींना आता ते छान जमत होतं. कधी कधी त्यांना मधेच झोप लागायची.

अशाच एका दुपारी मामा आत आले. दाराशी थांबले. मग खांबाला टेकून खाली बसले.

"रेवती," ते म्हणाले, "एक इचारायचं हुतं."

मी थांबले. आत्तींचे डोळे मिटलेले होते. जाग्या होत्या, माझ्या हाताला ते कळलं होतं.

"त्या दिशी मला भाईर का घालवलंस?"

"शांतता हवी होती मामा."

"ते लोकास्नी सांग. मला खरं सांग." ते जमिनीकडं बघत होते. "ती चरकात ऊस लावत हुती. लावणारा गडी जेवाय गेलता. मी मागनं हाक मारली. शिवी न्हाई, काय न्हाई. नुसती हाक. ती दचकली आणि हात गेला. बांगडी-बिंगडी काय अडकली न्हवती. मी बघितलंय."

आत्तींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

शब्दांत सांगितलं असतं तर ते सुनेनं सासऱ्यावर ठेवलेला आरोप झाला असता. मी आत्तींच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण मान किंचित हलवली. हो म्हणाल्या.

"इथं हात ठेवा मामा," मी म्हणाले.

ते सरकत जवळ आले. बायकोच्या हातावर दुसऱ्यांच्या देखत हात ठेवायचा त्यांना संकोच वाटत होता. मी त्यांचा पंजा धरून कोपराच्या खाली ठेवला. "दाबायचं नाही. नुसता ठेवा. आता कसं लागतंय?"

"मऊ हाय," ते पुटपुटले.

"आता नेहमीसारखं बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

तेवढ्यात अंगणात गोठ्याकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि सवयीनं त्यांनी मान वळवून हाक दिली, "कोण हाय रं तिकडं?"

त्यांच्या पंजाखाली तो हात पाटातल्या मासळीसारखा उसळला.

विस्तवाला हात लागावा तसा त्यांनी हात मागं घेतला. कितीतरी वेळ ते त्या हाताकडं बघत राहिले. मग आत्तींच्या तोंडाकडं. त्या शांत पडून होत्या, चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चेहऱ्यानं कधीच काही दाखवलं नव्हतं, म्हणून तर कुणाला कळलं नव्हतं.

"हे कवापास्नं?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर आत्तींनी दिलं. "पैल्यापास्नं."

"पर मी कवा तुझ्यावर हात उचलला न्हाई."

"न्हाई उचलला."

"कवाच न्हाई."

"मी कुठं म्हणतीया उचललासा म्हणून? हात न्हाई उचलला." आत्तींनी डोळे उघडले आणि आढ्याकडं बघत म्हणाल्या, "आवाज उचललासा."

मामा उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत ते मळ्यात होते.

त्या दिवसापासून ते बदलले असं सांगितलं तर ते खोटं होईल. जन्मभराचा गळा असा बसत नाही. ते ओरडायचे, मधेच थांबायचे, जीभ चावायचे. कधी कधी राग अनावर झाला की तरातरा चालत मळ्यात जायचे आणि तिथं बैलांवर, गड्यांवर, आभाळावर ओरडून परत यायचे. भैरू म्हणायचा, "वहिनी, घरचं सगळं आमच्यावर निघतंय." पण एक झालं. काही दिवसांनी त्यांनी मला अंगणात गाठलं आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "ते आवळा-सोडा असतंय न्हवं, ते मला दाखवून ठेव. तू माहेरी गेलीस तर हिचं कोण करणार?"

मी दाखवलं. त्यांचे हात जड होते आणि त्यांना घाई असायची. "सोड" हा शब्द ते हुकूम दिल्यासारखा म्हणायचे, आणि आत्तींचा हात लगेच ताठ व्हायचा. हाताखाली तो ताठ झाल्याचं त्यांना कळायचं. मग ते गप्प बसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून पावलांकडून सुरुवात करायचे. त्यांचा मास्तर आता तो हात होता.

पुढं माझं पहिलं बाळंतपण आलं आणि मी मिरजेला गेले. मुलीला घेऊन परत आले तेव्हा गुऱ्हाळाचा नवा हंगाम सुरू झाला होता. जीपमधून उतरले, दारात भाकरतुकडा ओवाळायला शेजारची काकू पुढं झाली. आत्ती कुठं आहेत म्हणून विचारलं तर म्हणाली, "सोप्यात. हाताचं चाललंय त्यांचं."

मुलीला प्रतापकडं देऊन मी आत निघाले, आणि दाराशी थबकले. आत कुणीतरी परका पुरुष बोलत होता. हळू, थांबत थांबत, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. कोणी वैद्य आणलाय की काय, असं मला वाटलं. इतका हलका आवाज या घरात मी कधी ऐकला नव्हता. मी दारातून डोकावले.

मामा चटईवर मांडी घालून बसले होते. पटका काढून शेजारी ठेवला होता. आत्तींचा तीन बोटांचा हात त्यांच्या मांडीवर होता आणि त्यावर त्यांचा पंजा. ते काहीतरी सांगत होते, पण मला शब्द कळत नव्हते.

आत्तींनाही कळत नसावेत. त्यांनी डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या,

"काय म्हणालासा? वाईच मोठ्यानं बोला की. ऐकाय येत न्हाई."